गिअर टाकला की गाडी बंद: जुनी गाडी नव्यानं घेतलेल्यांसाठी

बेळगावात टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट उघडलं की मागचा माणूस तुम्हाला क्षणाचीही सवड देत नाही. अशाच एका संध्याकाळी माझी जुनी मारुती ८०० तिथं अडकली. इंजिन छान घरघरत होतं. पहिला गिअर टाकला आणि फुस्स. किल्ली फिरवली, सुरू झाली, गिअर टाकला, परत फुस्स. मागं हॉर्नचा गजर. बाजूनं जाणारा एक मोटारसायकलवाला "पेट्रोल हाय काय बघा की" असं सांगून पुढं गेला. पेट्रोल होतं.

त्यानंतर मी जे शिकलो, त्यातला निम्मा भाग पैसे घालवून शिकलो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात अजून जुन्या ८००, ओम्नी, जीप, सुमो रोजच्या कामाला आहेत. हात बसावा म्हणून जुनी गाडी घेणारेही पुष्कळ. कुणी केए-२२ ची घेतो, तर कुणाला कोल्हापूरकडची एमएच-०९ स्वस्तात मिळते. (ती बाराही महिने इथंच फिरवायची असेल तर एनओसी आणून इथं नोंद करून घ्या, नंतरची कटकट वाचेल.) अशी गाडी घेतली आणि महिन्याभरात ती गिअरमध्ये टाकताच मरायला लागली, की नवा मालक घाबरतो आणि पहिलं भेटेल ते गॅरेज गाठतो. तिथं जाण्याआधी घरच्या अंगणात अर्ध्या तासात काय काय बघता येतं, ते इथं सांगतो. दहाचा पाना, एक हातातली बॅटरी (टॉर्च) आणि शेजारी उभं राहणारं एक माणूस एवढं पुरतं.

आधी हे ठरवा: नेमकी कधी बंद पडते?

"गिअर टाकला की बंद पडते" हे वाक्य मेस्त्रीच्या काही उपयोगाचं नाही. त्या एका वाक्यात तीन वेगळी दुखणी दडलेली असतात, आणि तिन्हींचा खर्च वेगळा.

क्लचचं काम इंजिन आणि गिअरबॉक्स यांची ताटातूट करणं. पेडल पूर्ण दाबलेलं असताना तुम्ही पहिला टाका, रिव्हर्स टाका, इंजिनाला त्याचा पत्ताही लागायला नको. म्हणून तीन क्षण वेगळे करून बघा. एक, गाडी न्यूट्रलमध्ये असताना नुसता क्लच दाबला तरी इंजिन बसतं का? दोन, क्लच तळापर्यंत दाबलेला आहे आणि गिअर पडताक्षणी बंद होते का? तीन, गिअर निमूट पडतो, पण पाय उचलायला लागलं की मरते का?

दुसऱ्या प्रकारात क्लच सुटत नाही, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे होत नाहीत. तिसऱ्यात क्लच बहुधा निर्दोष असतो. इंजिन अशक्त असतं, नाहीतर गाडीला कुणीतरी मागून धरून ठेवलेलं असतं. पहिला प्रकार क्वचित दिसतो, पण तो सगळ्यात महागडा.

आमच्याकडे मेस्त्री मराठी, कन्नड आणि उर्दू तिन्ही बोलतो, तेव्हा भाषेची अडचण नसते. तरी रायबाग, गोकाककडं गाडी बंद पडली तर कन्नडची दोन वाक्यं पाठ असू द्यात. "गेर हाकिद कूडले बंद आगतैति", म्हणजे गिअर टाकताक्षणी. आणि "क्लच बिट्ट म्याले बंद आगतैति", म्हणजे क्लच सोडल्यावर. एवढा फरक सांगितलात तरी गिअरबॉक्स उतरवायची घाई होणार नाही.

सुरुवातीची काळजी

सपाट जागा बघा. वंटमुरी किंवा तवंदी घाटाच्या चढावर, हायवेच्या कडेला ही तपासणी करायची नाही. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. सोबतचा माणूस बाजूला उभा राहील, गाडीच्या पुढं किंवा मागं कधीच नाही. क्लच न सुटणारी गाडी पहिला गिअर पडला की बेडकासारखी उडी मारते. पत्र्याच्या बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धुराचा वास येईपर्यंत थांबायचं नसतं, कारण त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो.

गाडी गार असताना एकदा आणि पंधरा मिनिटं चालवून गरम झाल्यावर एकदा, असं दोन वेळा बघा. डिसेंबरातल्या सकाळी फक्त गार असताना मरत असेल तर आधी चोक तपासा. गरम झाल्यावरच मरत असेल तर इग्निशन कॉइलकडं (प्लगला ठिणगीची वीज देते ती) आणि कार्बोरेटर (पेट्रोल-हवेचं मिश्रण करतो तो) ओव्हरफ्लो होतो का याकडं लक्ष द्या.

पायाखालचं पायपुसणं

हसू नका. खानापूरच्या भाच्यानं ओम्नी घेतली आणि चार दिवसांत फोन आला, "मामा, क्लच प्लेट गेली वाटतं. गिअर पडताना खर्रर्र आवाज येतोय आणि गाडी बंद पडतीय." गेलो. पावसाचा चिखल आत येऊ नये म्हणून त्यानं मूळ मॅटवर रबराचं जाड मॅट आणि त्याच्यावर घरातलं गोणपाट टाकलं होतं. पेडल तळाला टेकायच्या आधीच गोणपाटाला टेकत होतं. सगळं काढून बाहेर फेकलं, गाडी शहाणी झाली.

क्लच पूर्ण सुटायला पेडलचा शेवटचा थोडासा प्रवास महत्त्वाचा असतो. म्हणून पहिलं काम म्हणजे मॅट काढून हातानं पेडल तळापर्यंत दाबून बघणं. सीटसुद्धा पुढं घ्या. उंची कमी असलेला चालक सीट मागं ठेवून बसला तर त्याचा पाय पूर्ण पोचत नाही, आणि दोष गाडीच्या माथी येतो.

क्लच सुटतो की नाही

ही माझी आवडती परीक्षा, कारण तिला काहीच लागत नाही. इंजिन स्लोवर, म्हणजे रेस न देता, चालू ठेवा. क्लच तळापर्यंत दाबा. मनात सावकाश पाच आकडे मोजा. मग हलकेच रिव्हर्स टाका. बहुतेक जुन्या गाड्यांच्या रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवून घेणारी कडी) नसतो, त्यामुळं आतला शाफ्ट फिरत असेल तर तो लगेच चुगली करतो. पाच मोजूनही खर्रर्र झालं तर क्लच सुटत नाही. न थांबता टाकल्यावर झालं तर त्याला अर्थ नाही. शाफ्टला थांबायला तेवढा वेळ लागतोच.

खात्रीसाठी दुसरी खूण. इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना लोण्यासारखे पडतात आणि चालू असताना हट्ट करतात, तर गिअरबॉक्सवर संशय घेऊ नका. बंद असतानाही अडतात, तर गिअर लिव्हरच्या रॉडचे बुश किंवा खुद्द गिअरबॉक्स बघावा लागेल.

तिसरी खूण: गिअर कसाबसा पडला, क्लच अजून दाबलेलाच आहे, आणि गाडी पुढं सरकू बघते. ब्रेक धरला तर इंजिन दबतं आणि मरतं. आता संशयाला जागा नाही.

मग क्लच सुटत का नाही? इथं गाडीत केबल आहे की ऑइल, हे आधी बघा. ८०० आणि ओम्नीला केबल असते. जीप-सुमोच्या वर्गातल्या अनेक गाड्यांना ऑइलचा, म्हणजे हायड्रॉलिक क्लच असतो.

केबल असेल तर पेडल बोटानं हलकं दाबा. वरचा थोडा प्रवास बिनवजनाचा लागतो आणि मग कडक होतो. त्या ढिल्या भागाला फ्री प्ले म्हणतात. साधारण १५ ते २५ मिलिमीटर असावा. तुमच्या गाडीच्या पुस्तकात जो आकडा दिलाय तोच खरा. हा ढिलेपणा दोन-तीन बोटांचा झाला असेल तर केबल ताणली गेली आहे. गिअरबॉक्सपाशी केबलच्या टोकाला नट असतो, तो आवळून ढिलेपणा कमी करता येतो. पण एकदम आवळू नका. दोन फेरे द्या, पेडल बघा, परत दोन फेरे. ढिलेपणा पूर्ण संपवला तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच ढकलतं ते) कायम दाबलेलं राहतं, आणि पुढच्या महिन्यात प्लेट जळते ती तुमच्या हातानं.

आवळायच्या आधी केबलची दोन्ही टोकं बॅटरी मारून बघा. पेडलच्या बाजूला तारेचे दोन-तीन धागे तुटून झाडूसारखे फुललेले दिसले, तर ती केबल आज ना उद्या तुटणार, आणि तुटेल ती चोर्ला घाटातच. ॲडजस्ट करत बसू नका, नवी टाका. केबलची बाहेरची नळी जिथं पत्र्यातून जाते तिथला पत्रा गंजून वाकलाय का तेही बघा. पेडल दाबताना तो पत्रा आत दबत असेल तर तुमचा सगळा जोर पत्रा वाकवण्यात जातो. जुन्या गाडीत हे दिसतं, आणि मेस्त्रीही बऱ्याचदा चुकवतात.

ऑइलचा क्लच असेल तर पेडल पटापट पाच-सहा वेळा पंप करा आणि लगेच गिअर टाका. आता सुखानं पडला तर लाइनमध्ये हवा शिरली आहे किंवा सिलिंडरचं रबर गेलंय. बोनेटखालची डबी बघा, ऑइल कमी असेल तर ते गेलं कुठं ते शोधा. पेडलच्या वरच्या बाजूला, पायाजवळ ओलसर असेल तर मास्टर सिलिंडर. खाली गिअरबॉक्सजवळ ओलं असेल तर तिथला स्लेव्ह सिलिंडर. डबीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच घाला. इंजिन ऑइल चुकूनही नाही, सगळी रबरं फुगतात. हे ऑइल रंगावर सांडलं तर रंग उतरतो, लगेच पाण्यानं धुवा.

आणि एक खास आपल्याकडचं कारण. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पावसात दोन-तीन महिने गाडी अंगणात उभी राहिली की क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला (इंजिनाच्या टोकाच्या जड चाकाला) चिकटते. पावसाळ्याआधी ठीक होती आणि गणपतीला बाहेर काढली तर गिअरच पडेना, असं असेल तर पहिला संशय हाच. अशा वेळी इंजिन न्यूट्रलमध्ये चांगलं गरम करा, बंद करा. गाडी मोकळ्या सपाट मैदानात ढकलत न्या. समोर निदान पन्नास-शंभर फूट काही नसावं. दुसरा गिअर टाका, क्लच तळापर्यंत दाबा, आणि सेल्फ मारा. गाडी चालायला लागेल, कारण प्लेट चिकटलेली आहे. क्लच दाबूनच ठेवा आणि रेस देऊन-सोडून, मध्येच ब्रेकचा झटका द्या. बहुधा "टक्" होऊन प्लेट सुटते. दोन-तीनदा करून नाही सुटली तर नाद सोडा. आणि हे स्वतः पहिल्यांदा करू नका. हात बसलेल्या माणसाला शेजारी बसवा, खरं तर त्यालाच चालवायला द्या.

केबल नीट, ऑइल नीट, प्लेट चिकटलेली नाही, तरी क्लच सुटत नाही? मग दोष आत आहे. वाकलेली प्लेट, थकलेली प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरते ती), गंजलेल्या शाफ्टवर न सरकणारी प्लेट, किंवा जॅम झालेलं बेअरिंग. इथं अंगणातलं काम संपतं आणि गिअरबॉक्स उतरतो.

नुसता क्लच दाबल्यावर बसत असेल तर

न्यूट्रलमध्ये क्लच दाबताना घूंऽऽ किंवा किर्रर्र असा आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग. आवाज नाही, पण इंजिन दबतं, थरथरतं आणि बंद पडतं, तर क्रँकशाफ्टचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) थ्रस्ट वॉशर झिजलेले असू शकतात. क्लच दाबला की तो दाब क्रँकला पुढं ढकलतो, आणि तो दाब पेलायला हे वॉशर असतात. इंजिन बंद ठेवून सोबतच्या माणसाला क्लच दाबायला-सोडायला सांगा आणि बॅटरी मारून क्रँकच्या पुलीकडं बघा. ती डोळ्याला दिसेल इतकी मागं-पुढं सरकली तर गाडी चालवणं थांबवा. तो खर्च टाळून चालत नाही, वाढतच जातो. बेळगावच्या उद्यमबागेत लेथ आणि क्रँकची कामं करणारी दुकानं आहेत ही आपली सोय, नाहीतर एवढ्यासाठी लोकांना कुठं कुठं जावं लागतं.

गिअर दोषी की ब्रेक?

हे मला फार उशिरा उमगलं. गिअर टाकताना आपला उजवा पाय कुठं असतो? ब्रेकवर. मग गाडी बंद पडली ती गिअरमुळं, की ब्रेकमुळं?

ज्या गाडीला ब्रेक बूस्टर (ब्रेक हलका करणारा डबा) आहे, तिथं त्या बूस्टरला इंजिनाकडून व्हॅक्यूमचा पाईप जातो. आतला पडदा फाटला किंवा पाईपला चीर गेली, की ब्रेक दाबताच इंजिनात फुकटची हवा शिरते आणि ते मरतं. पाहणं सोपं आहे: न्यूट्रलमध्ये, क्लचला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, नुसता ब्रेक दाबा. इंजिन डळमळलं किंवा पेडलपाशी सुस्स आवाज आला, तर गिअर-क्लच विसरा. आणखी खात्री हवी तर इंजिन बंद करून ब्रेक चार-पाचदा दाबा, मग दाबूनच ठेवून इंजिन सुरू करा. बूस्टर चांगला असेल तर सुरू होताच पेडल पायाखाली किंचित खाली जातं. गेलं नाही तर बूस्टर किंवा त्याचा पाईप. हे ब्रेकचं काम आहे, पुढच्या आठवड्यावर ढकलायचं नाही.

इंजिनच अशक्त

गिअर शांतपणे पडतो, क्लच अर्धा आला की मरते. रेस जास्त दिली तर निघते. आता नव्या चालकानं आधी स्वतःवर संशय घ्यावा आणि जुन्या माणसाला चालवायला द्यावं. त्याच्याही हातात मरली तर मग इंजिन.

स्लो किती आहे ते बघा. बहुतेक जुन्या पेट्रोल गाड्या गरम झाल्यावर मिनिटाला साधारण ८०० ते ९०० फेऱ्यांवर टिकतात. मीटर नसेल तर कान वापरा, आणि हेडलाइट, पंखा, असेल तर एसी एकेक करून लावा. दिव्यांच्या ओझ्यानंच इंजिन धापा टाकत असेल, तर गाडी ओढायचं ओझं ते कुठून पेलणार?

स्लोचा स्क्रू फिरवून फेऱ्या वाढवल्या की लक्षण गायब होतं. पुष्कळ ठिकाणी एवढंच करून गाडी परत देतात. त्यानं निदान होतं, इलाज होत नाही. फिरवायच्या आधी स्क्रूवर पेननं खूण करा, किती फिरवला ते मोजा, आणि कारण शोधून परत जागेवर आणा.

तुमच्या गाडीला कार्बोरेटर आहे की एमपीएफआय (संगणकाच्या हुकमानं पेट्रोल फवारणारी पद्धत), यावर पुढचं अवलंबून. ८०० चंच बघा: १९८३ साली आली तेव्हा कार्बोरेटर, २००० सालाच्या आसपास एमपीएफआय, आणि २०१४ साली उत्पादन बंद. तेव्हा नुसतं "८०० आहे" म्हणून भागत नाही, बोनेट उघडा.

कार्बोरेटरमध्ये स्लोचा जेट केसाएवढ्या भोकाचा असतो. टाकीतला गाळ तिथं अडकला की रेसवर गाडी पळते आणि स्लोवर मरते. हीच त्याची ओळख. काही कार्बोरेटरांवर एका वायरीचा छोटा सोलेनॉइड असतो. इंजिन न चालवता किल्ली ऑन केली की "टिक्" आवाज यायला हवा. आवाज नसेल तर वायर सुटलीय की सोलेनॉइड गेलाय ते बघा. जेट साफ करत बसण्यात अर्थ नाही. जेट साफ करताना तार किंवा टाचणी घालू नका, भोक मोठं होतं. स्प्रे आणि हवा पुरे.

एमपीएफआयमध्ये थ्रॉटल बॉडीवर काळा थर साचतो आणि स्लो सांभाळणारा छोटा व्हॉल्व्ह अडकतो. तो काढून स्प्रेनं साफ केला की निम्म्या गाड्या जागेवर येतात, हा माझा अनुभव.

दोन्ही प्रकारांत व्हॅक्यूमचे रबरी पाईप बघा. वीस वर्षांचं रबर वरून धडधाकट दिसतं आणि वाकवलं की खालून चीर उघडते. गळती शोधायला काही जण चालू इंजिनावर पेट्रोल शिंपडतात. आग लागते. साबणाचं पाणी ब्रशनं लावा. गळतीच्या जागी ते आत ओढलं जातं आणि इंजिनाचा आवाज बदलतो.

मग प्लग, प्लगवायरी, डेलकोचं झाकण. (डेलको म्हणजे डिस्ट्रिब्यूटर, प्लगांना वीज वाटतो तो.) पावसाळ्यात झाकणाच्या आत ओल धरते. काढून कोरड्या फडक्यानं पुसा. आत पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली तर झाकणाला चीर आहे, पुसून उपयोग नाही. जुन्या जीपला डेलकोत पॉईंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारा स्विच) असतील तर ते जळालेत का बघा.

आता पेट्रोलविषयी. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, एथेनॉल आपल्याला नवं नाही. पण २०२३ च्या फेब्रुवारीत २० टक्के एथेनॉलचं पेट्रोल पंपांवर यायला सुरुवात झाली आणि जुनी कार्बोरेटरची गाडी त्यासाठी बनलेलीच नव्हती. एथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळं मिश्रण पातळ पडतं. एमपीएफआयचा संगणक ते थोडंफार सावरून घेतो, कार्बोरेटरला कळत नाही. आधीच काठावर असलेला स्लो त्यानं खाली येतो. शिवाय एथेनॉल पाणी ओढतं, म्हणून महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी अर्ध्या टाकीनं ठेवू नका. पेट्रोलचे जुने रबरी पाईप आणि फिल्टर बदलून घ्या आणि मिश्रणाचा स्क्रू जाणत्या मेस्त्रीकडून नव्यानं लावून घ्या.

कुणी धरून तर ठेवलं नाही?

न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडून, सपाटीवर गाडी ढकला. ८०० चं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, ती एकट्या माणसाला हलवता यायला हवी. दोघांनाही हलेना तर ब्रेक चिकटलेत. पावसात हँडब्रेक ओढून ठेवलेल्या गाडीचे मागचे लायनर ड्रमला धरतात. थोडं चालवल्यावर चाकांच्या मधोमध हाताची पाठ जवळ नेऊन बघा, जे चाक चटका देतंय ते धरतंय.

फक्त रिव्हर्समध्ये मरणारी माझी गाडी

रेल्वे गेटावरची गोष्ट अर्धी राहिली. त्या वेळी दोष क्लच केबलचा निघाला आणि सुटला. दीड वर्षानं परत तेच, पण या वेळी फक्त रिव्हर्समध्ये. पहिला टाकला की मजेत निघायची. एका गॅरेजमध्ये क्लच प्लेट बदलली. चार आकडी बिल, आणि गाडी पहिल्यासारखीच. मग कार्बोरेटर उघडला. तेच.

शेवटी एका रविवारी बोनेट उघडं ठेवून मी बाजूला उभा राहिलो आणि शेजाऱ्याला रिव्हर्स टाकून क्लच हळूहळू सोडायला सांगितलं. ८०० चं इंजिन आडवं बसवलेलं असतं. पहिल्या गिअरला ते एका बाजूला कलतं, रिव्हर्सला बरोबर उलट्या बाजूला. क्लच धरायला लागला तसं इंजिन चांगलं तीन-चार बोटं उठलं, कारण एक फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते रबर) फाटलेलं होतं. आणि इंजिनाकडून बॉडीकडं जाणारी अर्थिंगची पट्टी ताणली गेली. तिच्या टोकाचा नट ढिला होता. पट्टी ताणली की अर्थिंग तुटायचं, इग्निशन गेलं की इंजिन बंद. बंद झालं की इंजिन परत जागेवर, पट्टी परत टेकलेली, आणि किल्ली मारली की गाडी सुरू, जणू काही झालंच नाही. दहाचा पाना घेतला, गंज घासला, नट आवळला. फाउंडेशन दुसऱ्या दिवशी बदललं.

तेव्हापासून पुढं जाताना आणि मागं जाताना वागणं वेगळं असेल, तर मी आधी इंजिन किती हलतंय ते बघतो. अर्थिंग, कॉइलची वायर, पेट्रोलचा पाईप, जे काही ताणलं किंवा दुमडलं जातं ते सगळं.

ऑटोमॅटिक आणि दुचाकी, थोडक्यात

जुनी ऑटोमॅटिक डी मध्ये टाकताच मरत असेल, तर तिथं क्लच पेडल नसल्यामुळं ओझं लगेच इंजिनावर येतं. आधी स्लो आणि थ्रॉटल बॉडी बघा. त्यानंतर टॉर्क कन्व्हर्टरचा (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो त्याचा) लॉक-अप, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा भाग, अडकलेला असू शकतो. चौथ्या गिअरमध्ये क्लच न दाबता ब्रेक मारल्यावर साधी गाडी जशी मरते, तसंच थांबतानाही होत असेल तर तोच. ऑइलची पातळी बहुतेक गाड्यांत इंजिन चालू आणि गरम असताना बघतात, होंडाच्या गाड्यांत इंजिन बंद करून. चुकीच्या पद्धतीनं बघून जास्त ऑइल ओतलं तर नवं दुखणं.

मोटारसायकल गिअरमध्ये टाकताच बंद झाली तर खाली बघा. साइड स्टँडला स्विच असेल आणि स्टँड लावलेला असेल, तर तिनं बंद पडायचंच असतं. स्टँड वर असूनही पडत असेल तर स्विचमध्ये चिखल. जुन्या गाडीला स्विच नसेल तर क्लच केबल, आणि खूप दिवस उभी असेल तर चिकटलेल्या क्लच प्लेट.

मेस्त्रीकडं जाताना

एका चिठ्ठीवर लिहून न्या: गार की गरम, तीन क्षणांपैकी कुठला, पुढं की मागं, नुसता ब्रेक दाबल्यावर काय होतं, पाच मोजून रिव्हर्स टाकल्यावर काय होतं. "प्लेट बदला" असं स्वतःहून म्हणू नका. म्हणालात तर तो बदलेल, आणि गाडी तशीच राहिली तर दोष तुमचा.

गिअरबॉक्स उतरवलाच, तर तेव्हा तिथं हजर राहा आणि जुनी प्लेट हातात घेऊन बघा. रिव्हेटची डोकी लायनिंगच्या पातळीला आली असतील तर प्लेट संपली. लायनिंग जाड आहे पण मधल्या दात्यांत लाल गंज आहे, तर ती शाफ्टवर सरकत नव्हती. दाते आणि शाफ्ट साफ करून गिअरबॉक्सवाल्यांकडं मिळणारं खास ग्रीस अगदी बोटाच्या टोकाएवढंच लावायचं. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा खोल चरे असतील तर ते लेथवर घासून घ्या, नाहीतर नवी प्लेट त्याच चऱ्यांवर बसणार. आणि प्लेट तेलानं माखलेली निघाली तर क्रँकचं मागचं ऑइल सील त्याच दिवशी बदला. ते एक सील वाचवण्यासाठी माणसं सहा महिन्यांनी परत गिअरबॉक्स उतरवतात.